दुरुस्तीनंतर गाडीचा दम का हरपतो?

गॅरेजमधून बाहेर पडलेली मोटार सुरू होते, जागच्या जागी तिचा आवाजही नीट असतो. पण पहिलाच चढ लागला की मालकाच्या लक्षात येते, पूर्वी चौथ्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी आता तिसऱ्यातही कुरकुरत आहे. ‘पिकअप गेला’, ‘गाडी ओढत नाही’, ‘इंजिनात दमच राहिला नाही’ अशा शब्दांत ही तक्रार गॅरेजमध्ये परत येते. मेकॅनिकच्या दृष्टीने याहून अवघड तक्रार क्वचितच असेल. बंद पडलेल्या गाडीत ठिणगी नाही किंवा इंधन नाही, एवढ्यावर शोध येऊन थांबतो. चालू असलेली, पण कमी शक्तीने चालणारी गाडी मात्र आपला दोष लपवून ठेवते. शिवाय दुरुस्तीपूर्वी शक्ती किती होती याची नोंद कोणाकडेच नसल्याने ‘कमी झाली’ म्हणजे नेमकी किती, यावरच पहिला वाद सुरू होतो.

पाथर्डीसारख्या गावात हा वाद फार दिवस लांबत नाही. तालुक्याला रेल्वे नाही. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पूर्वीचे अहमदनगर आणि बोलीतले नगर, येथे जायचे तर कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याने तिसगाव, करंजी मागे टाकून करंजी घाट चढावा लागतो. नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर किंवा यात्रेच्या दिवसांत मढीला भरलेली जीप न्यायची असो, माणिकदौंडीकडचा घाट ओलांडायचा असो, इंजिनाचा कस चढावरच लागतो. नगरजवळ संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजेच व्हीआरडीई, आहे. तेथे वाहनांच्या चाचण्यांची शास्त्रशुद्ध यंत्रसामग्री आहे. तालुक्याच्या गॅरेजमध्ये डायनॅमोमीटर नसतो. तेथे त्याचे काम घाट करतो. त्याच चढावर, तेवढेच ओझे घेऊन, त्याच गिअरमध्ये, त्याच वळणाला वेग आणि इंजिनाचे फेरे किती होते हे दुरुस्तीपूर्वी लिहून ठेवले असेल, तर पुढचा अर्धा वाद मिटतो. मात्र दम गेलेल्या गाडीने घाटात दुसऱ्या वाहनाला मागे टाकण्याचा प्रयोग करू नये. पूर्वीच्या अंदाजाने ट्रकच्या बाजूला गाडी काढावी आणि ऐन वळणावर ती पुढे सरकू नये, हा या दोषातला खरा धोका आहे.

दुरुस्तीनंतर शक्ती गेली म्हणजे दुरुस्तीनेच गेली, असा निष्कर्ष मालक लगेच काढतो. त्यात तथ्य असते. पण नेहमी नाही. कधी कामात चूक झालेली असते, कधी जुनाच दोष दुसऱ्या मोठ्या दोषाआड दडलेला असतो, तर कधी निव्वळ योगायोग असतो. तरीही शोध सुरू करण्याची जागा एकच, ती म्हणजे जिथे हात लागला ती. हेडचे काम झाले असेल तर टायमिंग, टॅपेट, हवेच्या नळ्या आणि काढलेले प्रत्येक कनेक्टर. क्लचचे काम झाले असेल तर क्लच, गिअरबॉक्स खाली घेताना ताणलेल्या वायरी आणि सायलेन्सरचा जोड. ब्रेकचे काम झाले असेल तर ब्रेक. हे इतके उघड आहे की सांगण्याची गरज भासू नये. प्रत्यक्षात मात्र ‘पंप पाठवून बघू’, ‘नोझल बदलून बघू’ असा अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा क्रम सुरू होतो आणि सैल राहिलेली एक क्लिप सापडेपर्यंत मालकाचा खिसा रिकामा झालेला असतो.

तक्रार ऐकून घेण्याचेही शास्त्र आहे. शक्ती सुरुवातीला कमी पडते की वेग वाढल्यावर? इंजिन थंड असताना की तापल्यावर? पेडल दाबल्यावर गाडी अडखळते की संथपणे, न अडखळता, नुसतीच मंद धावते? धूर कोणत्या रंगाचा? या चार उत्तरांतून निम्म्या शक्यता गळून पडतात. केवळ ‘पिकअप नाही’ एवढ्या नोंदीवर गाडी आत घेणारे गॅरेज पुढचे दोन दिवस वाया घालवणार, हे निश्चित समजावे.

शक्ती निर्माण होत नाही, की चाकापर्यंत पोहोचत नाही?

बॉनेट उघडण्यापूर्वी हा प्रश्न सोडवला पाहिजे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना पेडल पूर्ण दाबावे. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर इंजिन निर्दोष आहे. क्लच घसरतो आहे. नव्या क्लचप्लेटला बसवताना लागलेले ग्रीस, गळणाऱ्या सीलमधून आलेले ऑइल किंवा अजिबात मोकळीक न ठेवता ताणलेली क्लचकेबल, ही त्याची नेहमीची कारणे.

फेरे आणि वेग दोन्ही सारखेच मंद वाढत असतील, तर गाडीला कोणी मागे धरून ठेवले आहे का हे पाहावे. ब्रेकचे काम करताना हँडब्रेक जास्त ताणला गेला किंवा कॅलिपरची पिन अडकली, तर चाक सतत घासत राहते. काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवून थांबावे आणि चारही रिमजवळ हात नेऊन पाहावा. एखादे रिम इतरांपेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल, तर उत्तर तेथेच आहे. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी एका माणसाच्या जोराने हलते का, ही तपासणी तर याहून सोपी.

आणखी एक तपासणी इतकी साधी आहे की ती करायला मेकॅनिकला लाज वाटते. एकाने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण उघडतो का हे पाहावे. केबल सैल बसवलेली असेल किंवा पेडलखाली नवा जाड मॅट आला असेल, तर थ्रॉटल तीन चतुर्थांशच उघडतो आणि मालक इंजिन उघडायला निघतो. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाडीत हीच गोष्ट स्कॅनरवर टक्केवारीत दिसते.

हवेचा मार्ग

पेट्रोल इंजिनात इंधन पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलला सुमारे ११ किलो, म्हणजे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. इंजिन हे मूलतः हवा ओढणारे यंत्र आहे. इंधन वाढवणे सोपे; हवा कमी पडली की इंधन वाढवूनही उपयोग नसतो, नुसता काळा धूर निघतो. समुद्रसपाटीपासून वर जाताना हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी घटते. नगर शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे मुंबईत चालणारी साधी पेट्रोल मोटार नगरला पोहोचते तेव्हा सहा-सात टक्के शक्ती घाटातच सोडून आलेली असते. हा दोष नव्हे. सीएनजी किट बसवल्यानंतर गॅसवर शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी कमी वाटणे हाही दोष नव्हे. खरा दोष ठरवताना या गोष्टी आधी वजा कराव्यात.

पाथर्डी हा अवर्षणप्रवण तालुका आणि कच्च्या रस्त्यांची धूळही भरपूर. एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधी भरतो, हे येथील चालकांना वेगळे सांगावे लागत नाही. दुरुस्तीनंतरचे दोष मात्र निराळे असतात. हेड उघडले असताना नट-बोल्ट आत पडू नये म्हणून हवेच्या तोंडात कोंबलेला कापडाचा बोळा तसाच राहणे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला विनोद वाटते. गॅरेजमध्ये जन्म काढलेल्यांना वाटत नाही. फिल्टरचे झाकण नीट न बसणे, रबरी नळी आतल्या बाजूने दुमडणे, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर जोडायचा राहणे हे प्रकार त्याहून अधिक. ऑइल लावून वापरण्याचा फिल्टर बसवला असेल, तर त्याचा तवंग याच सेन्सरच्या तारेवर बसतो आणि तो हवा कमी असल्याचे खोटेच कळवू लागतो.

टर्बो असलेल्या डिझेल गाडीत गोष्ट अधिक फसवी होते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या जाड नळ्यांत ओझ्याखाली मोठा दाब असतो. जागेवर चालणाऱ्या इंजिनात तो जवळजवळ नसतोच. त्यामुळे क्लिप सैल राहिलेली किंवा खालच्या बाजूने चिरलेली नळी गॅरेजच्या अंगणात काहीच सांगत नाही. गाडी करंजी घाटाला लागली, पेडल दाबले की फुस्स असा आवाज, मागे काळा धूर आणि पुढे शून्य ओढ. अशी नळी शोधण्यासाठी गाडी थंड असताना प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा, नळीच्या खालच्या बाजूला ताज्या ऑइलचा ओलावा आहे का ते बघावे. गळतीच्या जागी तो बहुधा असतोच.

दुसरा दोष बारीक नळ्यांचा. अनेक टर्बोंमधील पाती फिरवणारा दांडा निर्वाताच्या साहाय्याने हलतो आणि त्या निर्वाताच्या नळ्या एकमेकींसारख्याच दिसतात. ईजीआर व्हॉल्व्हची नळी टर्बोला आणि टर्बोची ईजीआरला अशी अदलाबदल झाली, तर गाडी उत्तम सुरू होते, उत्तम थांबते आणि मधल्या काळात ओढत नाही. अशा रचनेच्या बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू करताच तो दांडा हललेला डोळ्यांना दिसतो व बंद करताच परत येतो. तो हललाच नाही तर टर्बो बदलण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी नळ्या पाहाव्यात. काढण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र घेतले असते तर हा सारा शोधच टळला असता.

एक दाता, अठरा अंश

हेडचे, वॉटर पंपचे किंवा टायमिंग बेल्टचे काम झाल्यानंतर शक्ती गेली असेल, तर सर्वांत आधी टायमिंगकडे वळावे. चार फटक्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हा मेळ दातेरी बेल्ट किंवा साखळी राखते. क्रँकशाफ्टच्या चक्राला २० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे ३६० भागिले २०, अर्थात क्रँकशाफ्टचे १८ अंश. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. पण हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मुळातच पिस्टन खालच्या टोकाला पोहोचून वर निघाल्यानंतर मिटतो. तो आणखी १८ अंश उशिरा मिटला, तर आत घेतलेली हवा पिस्टन पुन्हा बाहेर ढकलतो. कमी वेगाला हे नुकसान सर्वांत जास्त. गाडी निघताना मरगळलेली असते आणि वेग घेतल्यावर काहीशी सावरते. उलट कॅम एक दाता पुढे बसला असेल, तर सुरुवात बरी होते. दम वरच्या फेऱ्यांना संपतो.

येथे कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्यूम गेज ही दोन जुनी, स्वस्त आणि दुर्लक्षित हत्यारे कामाला येतात. एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट संशयास्पद. सगळ्याच सिलिंडरांचे सारख्याच प्रमाणात कमी असेल, तर एकाच वेळी सारे खराब होण्यापेक्षा टायमिंग मागे पडले असण्याची शक्यता अधिक. कमी आढळलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा दोषी. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॅक्यूम गेज समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिनात १७ ते २१ इंच दाखवतो. नगरच्या उंचीला त्यातून साधारण दोन इंच वजा करावेत. काटा स्थिर, पण बराच खाली असेल, तर टायमिंग उशिराचे आहे असा संशय घ्यावा. काटा ठराविक अंतराने लटपटत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

खुणा जुळवूनच बेल्ट घातला, असे मेकॅनिक शपथेवर सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. बेल्ट घालताना खुणा जुळलेल्या असतात. ताण देणारी पुली घट्ट करताना ढिली बाजू ओढली जाते आणि एक दाता सरकतो. म्हणून बेल्ट ताणल्यानंतर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहण्याचा नियम आहे. या दोन फेऱ्यांना पाच मिनिटे लागतात; ती वाचवण्याच्या मोहात सबंध काम पुन्हा करावे लागते. हाताने फिरवताना कोठे अडकल्यासारखे वाटले, तर तेथेच थांबावे. अनेक इंजिनांत चुकलेल्या टायमिंगचा अर्थ व्हॉल्व्हवर आदळणारा पिस्टन असा असतो.

खुणांचाही भरवसा मर्यादित आहे. क्रँकच्या पुलीचे बाहेरचे कडे आतल्या गाभ्याला रबराने चिकटवलेले असते; जुन्या गाडीत ते घसरते आणि त्यावरची खूण खोटी ठरते. काही इंजिनांत चक्राला चावीच नसते, तेथे कंपनीची लॉक करण्याची हत्यारे वापरल्याविना अंदाजे जुळवणी करणे हा निव्वळ जुगार होय. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये बेल्ट बरोबर असूनही डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून बसवला गेला की ठिणगी उशिरा पडते आणि गाडी तापते, ओढत नाही. तिच्या तीन सिलिंडरांचा क्रम १-३-२. दोन वायरींची अदलाबदल झाली तर मात्र गाडी थरथरून लगेच बोभाटा करते.

टॅपेटबद्दल थोडे. हेडचे काम झाल्यावर ‘आवाज येऊ नये’ म्हणून टॅपेट घट्ट करून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. आवाज जातो आणि मालकही खूश होतो. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, मिलिमीटरच्या दशांशाएवढी ठेवायची फटच नसल्याने तो पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि काही हजार किलोमीटरांत व्हॉल्व्ह जळतो. थंड असताना ठीक आणि तापल्यावर मंद, अशी तक्रार असेल तर फिलर गेज हातात घ्यावा.

डिझेलमध्ये शिरलेली हवा

डिझेल फिल्टर बदलल्यानंतर किंवा पंप काढून बसवल्यानंतर ‘एअर घेतली’ हे शब्द प्रत्येक चालकाच्या तोंडी असतात. जुनाच तांब्याचा वॉशर पुन्हा वापरला किंवा फिल्टरची रबरी रिंग चिमटली गेली, की ओढणीच्या बाजूने हवा आत येते. डिझेल बाहेर ठिबकत नसल्याने गळती दिसत नाही. पंपाच्या आधी काही काळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत पंपाचे टायमिंग उशिराचे झाले तर पांढरट धूर, मंद ओढ. आधीचे झाले तर कर्कश ठोके. अशा वेळी पंपाचा सीलबंद इंधन-स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देणे हा सर्वांत वाईट उपाय होय, आणि दुर्दैवाने तो लोकप्रियही आहे. चार दिवस गाडी उचलते, काळा धूर सोडते, पिस्टन तापतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी जुन्या इंजिनात नोझलच्या पाइपचे नट एकेक करून सैल करण्याची रीत होती. कॉमन रेल इंजिनात हे कदापि करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे जातो. त्याची सूक्ष्म धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि बाहेरून टाचणीएवढी दिसणारी ती जखम हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. या इंजिनांत सिलिंडरांचा समतोल स्कॅनरवरच पाहायचा. पुष्कळ कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक नोझलवर एक सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. नवे नोझल बसवले किंवा जुनी परत बसवताना त्यांची आपसात अदलाबदल झाली, तर हे क्रमांक संगणकात नव्याने भरावे लागतात. ते न भरल्यास सारे भाग नवे असूनही गाडी ओबडधोबड चालते आणि दोष नोझलच्या माथी मारला जातो.

स्कॅनरची साक्ष

एप्रिल २०१० मध्ये भारतीय मोटारींना ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरा टप्पा लागू झाला. त्यामुळे गेल्या दीड दशकातील बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि छोट्या गावांतही स्कॅनर पोहोचला आहे. काही गंभीर विसंगती आढळली की संगणक स्वतःच इंजिनाला आवर घालतो. फेरे एका मर्यादेपुढे जात नाहीत, पेडल कितीही दाबले तरी गाडी रेंगाळते. चालकाला वाटते इंजिन गेले. प्रत्यक्षात ते सांभाळले जात असते.

स्कॅनरवरील कोड हा साक्षीदार असतो, आरोपी नव्हे. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. त्याचा अर्थ टर्बो खराब असा लावून हजारो रुपये खर्च होतात, वास्तविक सैल नळीनेही हाच कोड येतो. पी-००८७ म्हणजे रेलमधील इंधनाचा दाब कमी. पंपापूर्वी फिल्टर आणि त्याचे जोड पाहावेत. पी-००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. बेल्टचे किंवा साखळीचे काम झाल्यानंतर लगेच हा कोड आला, तर सेन्सर बदलण्यापूर्वी कव्हर उघडून खुणा पाहाव्यात, हे वेगळे सांगायला नको. कोड पुसून टाकून गाडी परत देण्याची घाई तर मुळीच करू नये. त्याबरोबर दोष घडला त्या क्षणी असलेले फेरे, तापमान, भार यांची साठवलेली नोंदही पुसली जाते.

कोड एकही नसेल तरी आकडे बोलतात. किल्ली चालू, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. नगरच्या उंचीवर तो ९४ किलोपास्कलच्या आसपास असावा. तेथे सेन्सर ८० दाखवत असेल, तर तो खोटे बोलतो आहे आणि संगणक त्याच्यावर विश्वास ठेवून इंधन कापतो आहे. टर्बो नसलेल्या गाडीत पेडल पूर्ण दाबल्यावर हा आकडा बाहेरच्या दाबाजवळ यायला हवा. तो बराच खाली राहिला, तर हवेच्या वाटेत, फिल्टर ते थ्रॉटल यांच्या दरम्यान, अडथळा आहे.

दुरुस्तीच्या वेळी बॅटरी काढली असेल, तर काही गाड्यांचा संगणक थ्रॉटलची शिकलेली स्थिती विसरतो. थोडे दिवस इंजिन अडखळते. कंपनीने सांगितलेली पुनर्शिक्षणाची क्रिया केली की दोष जातो. बीएस-६ डिझेल गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरमार्गातील काजळीचा फिल्टर भरला तरी शक्ती कापली जाते. अशा गाडीत सर्व्हिसिंगच्या वेळी साधे, अधिक राख सोडणारे ऑइल ओतले गेले, तर परिणाम लगेच दिसत नाही. तो महिन्यांनी दिसतो, तेव्हा ऑइलची आठवण कोणालाच नसते.

आत जाणाऱ्या हवेइतकीच बाहेर पडणारीही महत्त्वाची. सायलेन्सरचे काम झाल्यावर छिद्रे न जुळणारे गॅस्केट बसणे किंवा जुन्या मिसफायरिंगने वितळलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबणे यामुळे इंजिन गुदमरते. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून अडीच हजार फेऱ्यांना ३ पीएसआयहून अधिक दाब आढळला, तर मार्ग तुंबला आहे असे समजावे.

मग बिलाचे काय?

इंजिन पूर्ण उघडून बोअर आणि रिंगपिस्टनचे काम झाले असेल, तर सुरुवातीच्या सुमारे हजार किलोमीटरांत ते थोडे जड वाटणे स्वाभाविक आहे. रिंगा बसायला अवधी लागतो. पण ‘चालवा, मोकळी होईल’ हे उत्तर क्लचच्या, बेल्टच्या किंवा फिल्टरच्या कामानंतर मिळत असेल, तर ते मान्य करू नये. चुकलेला दाता चालवून जागेवर येत नाही.

गाडी आत देताना जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्यावी. बदललेले जुने भाग परत मागावेत. पक्के बिल घ्यावे. त्याविना पुढे काहीही सिद्ध करणे कठीण जाते. दोष परत आला तर आधी त्याच गॅरेजला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी. बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात, कारण लहान गावात मेकॅनिकची सारी पुंजी त्याच्या नावातच असते. तेथे दाद लागली नाही आणि दुसरीकडे गाडी उघडावी लागली, तर उघडण्यापूर्वी व उघडल्यावर छायाचित्रे काढून, काय सापडले याचा त्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय घ्यावा. एकदा भाग पुन्हा बसवले गेले की पुरावा गाडीबरोबर रस्त्याला लागतो.

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘सेवा’ ठरते आणि तीतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क भरावे लागत नाही. आयोगाकडे जाण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.